बेलवर दोन नावं

फायनल इयरच्या कॉरिडॉरमध्ये सध्या एकच खेळ चालू आहे. कागदावर देशांची नावं लिहायची आणि पुढे रकाने पाडायचे. फी किती, थंडी किती, पार्ट-टाइम जॉब मिळतो का, शिक्षण संपल्यावर किती महिने राहता येतं, आणि (अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात) शाकाहारी जेवणाचं काय? अमेरिका, जर्मनी, कॅनडा, आयर्लंड, सिंगापूर... जीआरईचा स्कोअर येईपर्यंत सगळेच देश आपले! या तक्त्यात आणखी एक रकाना असतो, पण तो मोठ्यानं कोणी वाचत नाही. ‘माझं ज्याच्यावर प्रेम आहे, त्याच्याबरोबर या देशात घर करता येईल का?’

मुलगा आणि मुलगी अशी जोडी असेल तर हा रकाना पाडायची वेळच येत नाही. लग्नाचा दाखला दाखवला की नवऱ्यामागून बायको जाते, हल्ली बायकोमागून नवराही जातो. पण दोन मुलगे असतील तर? दोन मुली असतील तर? मग देश बदलला की नातंच बदलतं. विमान जर्मनीतून उडतं तेव्हा ते दोघं कायद्यानं नवरा-नवरा असतात आणि मुंबईला उतरतं तेव्हा दोन वेगवेगळे प्रवासी! शेजारशेजारच्या सीटवर बसून आले, एवढंच काय ते नातं.

“हा विषय मराठी विभागात कशाला? इंग्लिश सेक्शनला दे, तिथे चालून जाईल,” असं संपादक मंडळातला एक मित्र म्हणाला. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे इंग्लिशमध्ये लिहिणं मला सोपंच गेलं असतं. पण मला नेमकं हेच खटकतं. इंग्लिशमध्ये हा विषय ‘चालून जातो’, कारण तिथे तो लांबचा वाटतो, सिनेमातला, न्यूयॉर्कमधला. मराठीत लिहिला की तो थेट स्वयंपाकघरात येऊन बसतो. आणि माझ्या मते त्याची जागा तिथेच आहे.

माझा मामेभाऊ स्टुटगार्टला राहतो. मी त्याला दादाच म्हणते. सख्खा भाऊ नसल्यामुळे राखी त्यालाच जाते. नाशिकचा मुलगा, मेकॅनिकल, आपल्यासारखाच एटीकेटी वाचवत वाचवत पास झालेला. २०१३ साली एम.एस.ला गेला, तिथेच गाड्यांच्या कंपनीत लागला आणि २०१९ मध्ये तिथल्या नोंदणी कार्यालयात त्यानं लग्न केलं, एका जर्मन संगीतशिक्षकाशी. आमच्या घरात ही गोष्ट बरीच वर्षं ‘दादाचा रूममेट’ या नावानं ओळखली जायची. रूममेट! होस्टेलवर राहणाऱ्या आपल्याला या शब्दाचा अर्थ चांगला माहीत आहे. रूममेट म्हणजे आपली बादली न विचारता वापरणारा प्राणी. त्याच्यासाठी कोणी जर्मन व्याकरण शिकत नाही की रात्रभर हॉस्पिटलच्या बाकावर बसत नाही.

शब्दांची अडचण मात्र खरीच आहे. आपली मराठी नात्यांच्या बाबतीत केवढी श्रीमंत! इंग्लिशमध्ये सगळे ‘अंकल’, आणि आपल्याकडे काका, मामा, आत्याचे यजमान, मावशीचे यजमान सगळे वेगळे. भावाच्या बायकोला वहिनी. बहिणीच्या नवऱ्याला भाऊजी. पण भावाच्या नवऱ्याला? शब्दच नाही! मी दादालाच विचारलं. तो म्हणाला, “भाऊजीच म्हण. नवऱ्याचा शब्द नवऱ्याला लावायचा, यात काय अवघड आहे?” तेव्हापासून ते माझे भाऊजी. कॉलवर ते मला ‘नमस्कार’ म्हणतात आणि मी त्यांना ‘गुटेन आबेंड’. दोघांचेही उच्चार भयानक.

आता कोणी म्हणेल, बाकीचं सगळं वेगळंच असेल ना त्यांचं? तर त्यांच्या घरातल्या भानगडी ऐका. स्टुटगार्टच्या भागात एक जुनी रीत आहे, तिला ‘केरवोखे’ म्हणतात, म्हणजे केर काढायचा आठवडा. (शब्द जर्मन आहे, पण मामीला पहिल्या फटक्यात कळला!) इमारतीतल्या प्रत्येक घरानं आळीपाळीनं जिना झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. दादाचं आणि भाऊजींचं सगळ्यात मोठं भांडण या पाटीवरून झालंय. पाळी आपल्या घराची आहे हे दोघांना मान्य, पण घरातला कोण झाडणार? भाऊजींना फोडणी आवडते, मात्र फोडणी दिली की छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागतो. मग एकानं टॉवेल हलवायचा आणि दुसऱ्यानं मोहरी घालायची. बाटल्या परत करून डिपॉझिट आणायला कोण जाणार, कुठला कचरा कुठल्या डब्यात, रविवारी आवाज नको म्हणून मिक्सर शनिवारी रात्री. झालं यांचं ‘वेगळं’ आयुष्य!

मला मात्र या भांडणांत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे घर सुरू व्हायच्या आधीच कामांची वाटणी होऊन गेलेली असते. पोळ्या कोणी लाटायच्या आणि गॅसचा नंबर कोणी लावायचा हे जन्माच्या वेळीच ठरतं. तिथे दोघंही पुरुष, त्यामुळे ‘हे तुझं काम’ असं म्हणायला कुठलीच रूढी मदतीला येत नाही. प्रत्येक काम बोलून ठरवावं लागतं. आपल्या भाषेत सांगायचं तर तयार स्पेसिफिकेशन नाही, दोघांनी मिळून पहिल्या पानापासून लिहायचं. हे कटकटीचं आहे खरं. पण लेडीज होस्टेलमधल्या मैत्रिणींना मी एवढंच विचारते, ही कटकट आपल्याही वाट्याला आली तर कोणाला नकोय? नोकरीही करायची आणि पोळ्याही आपणच, यापेक्षा पाटीवरून भांडण परवडलं!

मात्र हे घर असं निवांत भांडू शकतं यामागे बरेच कागद आहेत. बेसिक इलेक्ट्रिकल आपण सगळेच शिकलोय. सिरीज सर्किटमध्ये दहा स्विच असले आणि त्यातले नऊ चालू असले तरी दिवा लागत नाही. दहावा बंद म्हणजे सगळं बंद. समान हक्कांचं तसंच आहे. गुन्हा नसणं हा एक स्विच. घर भाड्यानं मिळणं हा दुसरा. विमा, व्हिसा, कर, हॉस्पिटल, वारसा, मूल दत्तक घेणं... प्रत्येकाचा स्विच वेगळा, आणि जगातल्या कुठल्याही देशानं ते सगळे एका दिवसात चालू केलेले नाहीत.

जर्मनीचंच बघा. आपल्या कलम ३७७ सारखं त्यांचं कलम १७५ होतं. १८७२ पासून अमलात, आणि पूर्ण गेलं ते १९९४ साली. २००१ मध्ये जोडीदार म्हणून नोंदणी करायची सोय झाली, पण ती लग्नापेक्षा कमी दर्जाची. नवरा-बायकोला मिळणारी एकत्र आयकराची सवलत या जोड्यांना मिळावी म्हणून थेट घटनात्मक न्यायालयात जावं लागलं, ती २०१३ मध्ये मिळाली. ३० जून २०१७ रोजी संसदेत ३९३ विरुद्ध २२६ मतांनी लग्नाचा कायदा मंजूर झाला आणि १ ऑक्टोबर २०१७ पासून लग्नं लागायला लागली. म्हणजे दादा जर्मनीत उतरला तेव्हा तिथेही समलिंगी लग्न नव्हतं! ‘तिकडे पहिल्यापासूनच सगळं मोकळं असतं’ हा आपला एक गोड गैरसमज आहे. जगात पहिल्यांदा असं लग्न कायदेशीर झालं नेदरलँड्समध्ये, १ एप्रिल २००१ रोजी. आपल्यातले बरेच जण त्यानंतर तीन-चार वर्षांनीच जन्मले. इतकी ही गोष्ट ताजी आहे.

लग्नानं दादाच्या घरात काय बदललं? ऐकायला अगदी कंटाळवाणं आहे. भाऊजींची नोकरी मध्ये सहा महिने गेली, तेव्हा सरकारी आरोग्य विम्यात ते दादाच्या नावावर फुकट आले, जसा कुठलाही न कमावणारा नवरा किंवा बायको येते. कर दोघांचा एकत्र मोजला जातो. १ जानेवारी २०२३ पासून तिथे असाही नियम आहे की जोडीदार बेशुद्ध असेल किंवा निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल तर नवरा किंवा बायको सहा महिन्यांपर्यंत उपचारांचे निर्णय घेऊ शकते. वेगळं मुखत्यारपत्र लागत नाही. आणि इमारतीच्या खाली बेलच्या पाटीवर दोन आडनावं आहेत, एक जर्मन आणि एक अस्सल नाशिकचं. पोस्टमन दोन्ही चुकीचं वाचतो. समान हक्क म्हटलं की आपल्याला मोर्चा, झेंडे, रंग आठवतात. तेही हवेतच. पण त्या सगळ्याचा शेवट या बेलच्या पाटीपाशी होतो.

इंजिनीअर लोकांनी तर एक नाव लक्षात ठेवायलाच हवं, ईडिथ विंडसर. न्यूयॉर्क विद्यापीठातून १९५७ साली गणितात मास्टर्स केलं आणि पुढे आयबीएममध्ये सिस्टिम्स प्रोग्रॅमर झाली. कॉम्प्युटर खोलीएवढे होते त्या काळात! तिची जोडीदार थिया स्पायर ही ॲमस्टरडॅमला जन्मलेली, नाझींमुळे देश सोडावा लागलेल्या कुटुंबातली. १९६७ साली दोघींनी लग्नाचं ठरवलं. अंगठी घातली तर ऑफिसमध्ये ‘कोण गं तो?’ असं विचारतील, म्हणून थियानं अंगठीऐवजी हिऱ्यांचा गोल ब्रूच दिला. प्रत्यक्ष लग्न झालं ते चाळीस वर्षांनी, २००७ मध्ये, तेही शेजारच्या देशात, कॅनडातल्या टोरंटोला जाऊन. २००९ मध्ये थिया वारली. सरकारनं ईडिथला ३,६३,०५३ डॉलर वारसा कर लावला. थियाच्या जागी नवरा असता तर हा कर शून्य! ती कोर्टात गेली आणि २६ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी जिंकली.

याचा आपल्याशी संबंध काय? फार जवळचा! त्या दिवसापर्यंत एच-१ वर काम करणाऱ्या गे माणसाच्या नवऱ्याला एच-४ मिळत नव्हता, कारण अमेरिकेचं केंद्र सरकार ते लग्नच मानत नव्हतं. ग्रीन कार्डासाठी नवऱ्याचं नाव देता येत नव्हतं. या निकालानंतर दोन्ही दारं उघडली. मग २६ जून २०१५ रोजी दुसऱ्या निकालानं लग्नाचा हक्क सगळ्या राज्यांत गेला. एका रिटायर्ड प्रोग्रॅमर आजीनं करविभागाशी घेतलेल्या भांडणामुळे कितीतरी देशी इंजिनीअरांचे संसार वाचले, हे किती जणांना माहीत आहे?

आता खरी गाठ. समजा, आपल्याच कॉलेजचे दोन मुलगे. एकाला जर्मनीत नोकरी लागली, दुसरा पुण्यात. त्याच बॅचमधला तिसरा मित्र सांगलीत हॉल घेतो, लग्न करतो, दाखला काढतो आणि बायकोला जोडीदाराच्या व्हिसावर घेऊन जातो. व्हिसाचा नियम या दोघांसाठीही तोच आहे, जर्मनीचा कायदा काहीच भेदभाव करत नाही. फक्त एक कागद लागतो, लग्नाचा दाखला. आणि तो भारतात मिळत नाही! म्हणजे स्विच तिकडे चालू असूनही इकडचा बंद आहे. मग लोक डोकं लढवतात. काही जण टुरिस्ट व्हिसावर डेन्मार्कला जाऊन लग्न करतात, कारण परदेशी जोडप्यांसाठी तिथली कागदपत्रं तुलनेनं कमी. ब्रिटनमध्ये लग्न न झालेल्या जोडीदारालाही व्हिसा मिळतो, पण नातं किमान दोन वर्षांचं आहे याचे पुरावे द्यावे लागतात. पुरावे म्हणजे काय? दोघांच्या नावचा भाडेकरार, एकत्र बँक खातं, एकाच पत्त्यावरची बिलं. म्हणजे विजेचं बिल हेच प्रेमपत्र! आता सांगा, जे नातं घरमालकापासून, सोसायटीपासून, आईवडिलांपासून लपवून ठेवलंय, त्याचं बिल दोन नावांनी कोण काढणार? जो जास्त घाबरून राहिला त्याच्याकडेच पुरावा सगळ्यात कमी, असा हा उलटा हिशेब आहे.

दादालाही कागदानं चुकवलं नाही. लग्नाआधी अविवाहित असल्याचा दाखला हवा होता. त्यासाठी नाशिकला प्रतिज्ञापत्र करायचं होतं आणि वडिलांच्या सहीशिवाय काम होईना. तोवर मामाला कोणी स्पष्ट काही सांगितलेलं नव्हतं. मामानं कागद दोनदा वाचला, खिशातलं पेन काढलं आणि सही केली. कशासाठी, कोणाशी, काहीही विचारलं नाही. आमच्या घरातली यापेक्षा मोठी पसंती मी अजून पाहिलेली नाही. मामी मात्र वर्षभर बोलली नाही. पुढे एका दिवाळीला फराळाच्या पार्सलवर पत्ता लिहिताना तिनं दोन नावं लिहिली. त्याबद्दल ती आजही काही बोलत नाही, आणि आम्हीही विचारत नाही.

‘परदेश’ हा एक देश आहे अशी आपली समजूत असते, पण तसं नाही. सिंगापूर घ्या. तिथलं कलम ३७७ए म्हणजे आपल्या ३७७ चंच भावंडं, इंग्रजांनीच दिलेलं. ते जानेवारी २०२३ मध्ये रद्द झालं, पण त्याच वेळी घटनाही अशी बदलली की लग्नाची जुनी व्याख्या कोर्टात सहजासहजी मोडता येऊ नये. म्हणजे गुन्हा नाही, पण नातंही नाही. सौदी अरेबिया, कुवेत, कतार इथे तर अजून गुन्हाच आहे, आणि आपल्याकडचे कितीतरी सिव्हिल आणि मेकॅनिकलवाले तिकडे नोकरीला जातात. पगार टॅक्स-फ्री, पण कॉलवर बोलताना आवाज खाली.

हाँगकाँगची केस मला सगळ्यात बोलकी वाटते. ब्रिटनमध्ये नोंदणी केलेल्या दोन बायका २०११ मध्ये तिथे गेल्या. एकीला नोकरी होती, दुसरीला तिच्यावर अवलंबून म्हणून व्हिसा हवा होता. तो नाकारला. ती पाहुणी म्हणून राहिली, काम करायची परवानगी नाही. सात वर्षांनी, ४ जुलै २०१८ रोजी, तिथल्या सर्वोच्च कोर्टानं एकमतानं तिच्या बाजूनं निकाल दिला. गंमत म्हणजे मोठमोठ्या बँका आणि लॉ फर्म्सनी या केसमध्ये तिच्या बाजूनं बोलायची परवानगी मागितली होती. त्यांना काय अचानक समाजसेवेचा झटका आला? नाही. त्यांचा हिशेब साधा होता. चांगला माणूस हवा असेल तर त्याच्या घरालाही जागा द्यावी लागते. घर मागे सोडून कोणी मन लावून काम करत नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. १८६० च्या दंडसंहितेत ३७७ आलं. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानं ते सज्ञान व्यक्तींच्या खासगी, राजीखुशीच्या संबंधांना लागू नाही असं म्हटलं. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय फिरवला. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमतानं तो डाग कायमचा पुसला. त्या खटल्यात आयआयटीचे २० आजी-माजी विद्यार्थीही याचिकाकर्ते होते, म्हणजे आपल्यासारखेच जर्नल लिहिणारे लोक! लग्नाचा प्रश्न मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात अडला. कोर्ट म्हणालं, हा कायदा करणं संसदेचं काम. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. त्याच मोठ्या खटल्यात परदेशात राहणाऱ्या जोड्याही होत्या. एका जोडीनं २०१७ मध्ये वॉशिंग्टनला लग्न केलं होतं आणि परदेशातल्या विवाहांच्या १९६९ च्या कायद्याखाली भारतीय वकिलातीत त्याची नोंद मागितली होती. दुसरी जोडी परदेशी नवऱ्यासाठी ओसीआय कार्ड मागत होती. दोघांनाही ते मिळालं नाही.

अगदीच काही हललं नाही असं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारनं स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना एकत्र बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला काहीही आडकाठी नाही. रेशन कार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच घरातले धरावं, असंही राज्यांना कळवलं गेलं. रेशन कार्ड आणि बँकेचं पासबुक! बघा, इथेही गाडी शेवटी घरातल्याच वस्तूंवर येऊन थांबली.

२०२४ मध्ये मामाची बायपास झाली. दादा एकुलता एक. कंपनीचं पुण्याजवळ ऑफिस आहे आणि बदली मागितली तर मिळेल. त्याच्या टीममधला एक जण अशीच बदली घेऊन जर्मन बायकोसकट पुण्याला आला, बायकोला जोडीदार म्हणून राहायचा व्हिसा मिळाला. दादाच्या नवऱ्याला तो मिळणार नाही. ते टुरिस्ट म्हणून येतील, फिरतील, आणि मुदत संपली की परत. उद्या दादा जर्मन नागरिक झाला तर त्याला स्वतःला ओसीआय मिळेल, पण भाऊजींना त्याचा नवरा म्हणून नाही. म्हणजे त्याला वडील आणि नवरा यांतून निवडायचं आहे. मामा कॉलवर म्हणतो, “इकडचं मी बघतो, तू तुझं घर सांभाळ.” मामी फोन घेऊन आत जाते. लग्न झालेल्या कुठल्याही मुलाला अशी निवड करावी लागली असती तर आपण सगळ्यांनी आरडाओरडा केला असता.

म्हणून ‘मग जा ना परदेशात!’ हे वाक्य मला पटत नाही. ते दोन प्रकारे बोललं जातं. एक टोमणा म्हणून आणि दुसरं अगदी प्रेमाचा सल्ला म्हणून. दुसरं जास्त अवघड, कारण बोलणारा आपलाच असतो. पण परदेश हे औषध सगळ्यांना परवडत नाही. ज्याच्या घरी तारण ठेवायला काही नाही, त्याला एज्युकेशन लोन कोण देणार? जो गेला त्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला. अमेरिकेत एच-१ वाल्याची नोकरी गेली की साधारण ६० दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर घर आवरायचं. गे असला म्हणून तिकडे त्याच्या कातडीचा रंग बदलत नाही. देशी लोकांत तो ‘तसला’ आणि तिकडच्या गे लोकांत तो ‘इंडियन’. दोन्हीकडे अर्धा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरापासून पळून जाऊन मिळालेला हक्क घरी परत येताना विमानतळावरच काढून ठेवावा लागतो.

उलट दिशेनं आलेले लोकही आहेत, त्यांचं आपल्याला कौतुक असायला हवं. पुण्याचे बिंदुमाधव खिरे अमेरिकेत सॉफ्टवेअरमध्ये होते. तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात १९८६ पासून ‘त्रिकोण’ नावाची दक्षिण आशियाई समलिंगी लोकांची संस्था होती, तिच्याशी त्यांचा संबंध आला. ते परत आले आणि २००२ मध्ये त्यांनी पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला, मराठीत पुस्तकं लिहिली. तिकडे जे मिळालं ते इकडे मराठीत आणलं. मला वाटतं, हा खरा टेक्नॉलॉजी ट्रान्सफर!

आपण काय करू शकतो? संसद आपल्या हातात नाही, पण होस्टेल आहे. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत म्हणे. शहरं इतकी लांबची बहीण मानू शकतात, तर आपण शेजारच्या खोलीतल्याला आपला का मानू नये? दर वर्षी दोन-चार तरी मुलंमुली अशी असणारच, जी रात्री दोनला तक्त्यातला तो रकाना एकटीच भरत असतात. त्यांच्यासाठी माझ्या तीन मागण्या आहेत. पहिली मुलांकडे. ‘गे’ हा शब्द शिवी म्हणून वापरणं थांबवा. गॅदरिंगच्या स्किटमध्ये लचकत चालणारं पात्र आलं की हॉल डोक्यावर घेतला जातो, पण मागच्या रांगेत कोणीतरी हसण्याचं नाटक करत बसलेलं असतं. दुसरी रेक्टर सर-मॅडमकडे. एखादी गोष्ट तुमच्या कानावर आली तर पहिला फोन घरी लावू नका. आधी त्या मुलाशी किंवा मुलीशी बोला. घरी कधी आणि कसं सांगायचं हे ठरवायचा हक्क त्यांचा आहे, तुमच्या एका फोननं कोणाचं शिक्षण सुटू शकतं. तिसरी कॉलेजकडे. आयआयटी मुंबईत २०११ पासून ‘साथी’ नावाचा विद्यार्थ्यांचा गट आहे. आपल्याकडे रोबोटिक्स क्लब आहे, ट्रेकिंग क्लब आहे, मग एक असा गट आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा, बाहेर काही न बोलणारा समुपदेशक का नसावा? खर्च फेस्टच्या साउंड सिस्टिमपेक्षा नक्कीच कमी येईल.

मी स्वतः पुढे कुठे जाईन माहीत नाही. सहावं सेमिस्टर आधी सुटू दे! पण कोणीही जावं ते शिकायला, कमवायला, बर्फ बघायला जावं. आपल्या माणसाचं नाव आपल्या दारावर लावता यावं एवढ्यासाठी कोणाला देश सोडावा लागू नये. मामा परवा मला म्हणाला, “तुमच्या मासिकात लिहितेयस ना, मग एक लिही. मुलगा परत येऊ शकत नाही याचं मला दुःख आहे. तो कोणाबरोबर राहतो याचं नाही.” लिहिलं, मामा.